उलटी मोजणी

जनावरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढल्यावर नर्सताईंचा माणूस या प्राण्यावरचा विश्वास पार उडाला होता. फिट आलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका, असं बजावून सांगावं, तर लोक नेमका तोच हात पट्टी बांधायला घेऊन येत. म्हणून त्यांनी सगळी शिकवणी तीन वाक्यांवर आणली होती: टोकदार वस्तू हलवा, खोलीत अंधार करा, मोबाईलवर व्हिडिओ काढा. व्हिडिओत बहुतेकांच्या स्वतःच्या पायाची बोटं तेवढी छान येत.

मास्तरांचे व्हिडिओ मात्र सुरेख होते. मास्तर निवृत्त, एकटे. सोबतीला ढब्बू नावाचा कुत्रा, नावाला जागणारा. मंगळवारी सकाळी त्यांनी ताईंपुढे फोन धरला. ढब्बूचा डावा पंजा थरथरतो, मग तो आडवा होऊन हवेत सायकल चालवतो. मास्तर एका हाताने उशी सरकवतात, दुसऱ्याने पाठ धरतात. कॅमेरा सावकाश पलीकडे जातो, खाली वाकतो.

"शूटिंग कोण करतं?"

"म्हणजे?"

"तुमचे दोन्ही हात कुत्र्यावर आहेत, मास्तर."

मास्तर ओशाळले. "मला वाटलं, दवाखान्याचीच काही सोय असेल. आवाज तुमचाच आहे की!"

ताईंनी फोनचा आवाज वाढवला. "दोनशे चाळीस... दोनशे एकोणचाळीस..."

फिट पाच मिनिटांवर गेली की मेंदूचं काही खरं नसतं. म्हणून ताई तीनशेपासून उलटं मोजत. त्यांच्या मते त्यामुळे घाबरायला सवड मिळत नाही. असं मोजणारं दुसरं कोणी त्यांनी पाहिलं नव्हतं. आणि मास्तरांचं घर तर त्यांनी बाहेरूनही पाहिलं नव्हतं.

"मास्तर, मी तुमच्याकडे कधी..."

फरशीवर झोपलेल्या ढब्बूचा डावा पंजा थरथरला.

फोन टेबलावर पडला. ताईंनी लाईट बंद केला, मास्तरांनी स्टूल ओढून बाजूला घेतलं. सिरिंजमधलं औषध शेपटीखालून आत गेलं. चारही हात कुत्र्यावर. ताई मोजत होत्या. फेस, लघवीचा वास, फरशीवर घासणारी नखं.

"वाचेल ना हो? मला दुसरं कोण आहे?"

"दोनशे चौदा. दोनशे तेरा. दोनशे बारा."

पाय थांबले. ढब्बूने लांब श्वास सोडला.

"अठ्ठ्याऐंशी सेकंद," ताई म्हणाल्या. "वाचला तुमचा पैलवान."

मास्तर रडता रडता हसले. टेबलावर फोन उजळला होता. ताईंनी तो डाव्या हातात घेतला. नवा व्हिडिओ. सहा मिनिटं अठ्ठावीस सेकंद.

"पण आत्ता दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत," मास्तर म्हणाले.

अंधारी खोली. हीच. चार हात कुत्र्यावर. दोनशे बाराला पाय थांबले.

मग कॅमेऱ्याने कुत्र्याला सोडलं. ताईंच्या पांढऱ्या कोटावरून तो वर चढत गेला. चेहऱ्यावर येऊन थांबला. व्हिडिओतल्या ताईंचे ओठ मिटलेले होते.

"तीनशे," ताईंचा आवाज म्हणाला.

लाईट लावायला गेलेला हात मास्तरांनी मागे घेतला.

"दोनशे नव्याण्णव."

त्यांनी ताईंच्या डाव्या हातात थरथरणाऱ्या फोनकडे नीट पाहिलं, आणि टेबलावरची कात्री उचलून लांब ठेवली.