बदामी की सायीचा

विजयकुमार रंगाच्या दुकानात शिरला तो निव्वळ उन्हानं टेकीला आला म्हणून, हे गल्ल्यावर बसलेल्या पुनमनं तेव्हाच ओळखलं. रिकाम्या हातानं परतणं वाईट दिसेल, म्हणून त्यानं भिंतीसाठी रंग दाखवायला सांगितला. तिनं दोन काढले, बदामी आणि सायीचा. त्याला दोन्हींत काडीचा फरक दिसेना. बदामीत लाल छटा असते, सायीच्यात पिवळी, असं तिनं समजावलं. तो मात्र रंगाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाहत होता. मग काय, आपल्या खेड्यातून गोरेगावच्या बाजारात यायला त्याला रोजच निमित्त सापडू लागलं.

एकदा तो बोलून गेला, आईला अक्षय तृतीयेच्या आत घर रंगवून हवंय. पुनमच्या मनात आलं, लग्न असल्याशिवाय एवढी घाई कोण करतं? पण विचारायला जीभ रेटेना...

"दुकानातल्या उजेडात रंग कळत न्हाई," ती एवढंच म्हणाली. "भिंतीवर पट्टे मारा. मी नि बाबा येऊन पाहतो."

ती वडिलांना, व्यंकटरावांना, घेऊन गेली, तर त्याच्या अंगणभर शिजवलेली हळद वाळत होती. बापलेक दारात दिसताच शेजारच्या नीलाबाईंनी हाक दिली, "मनकर्णा, पाव्हणे घर पाहायला आले गं. पोरगी सोताच आली, बाई."

मुलीकडची माणसं स्थळ पाहायला येतात, तीच ही, असं त्यांनी धरलं. लगेच सतरंजी अंथरली गेली. विजयकुमारच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, पुनमला कुंकू लावलं. व्यंकटराव खुलासा करू गेले, तोवर हातात चहा आला.

पुनम लाजून भिंतीकडे सरकली. विजयकुमारही आला.

"सांगा की त्यांना खरं," ती हळूच म्हणाली. "जिच्याशी तुमचं ठरलं, तिला काय वाटंल?"

"ठरलं कुठं? पोरगी अजून... होच म्हणून न्हाई राहिली."

"विचारलं का तिला?"

"रोज तेच विचारायला येऊन राहिलो. ती रंगाचंच सांगते."

पुनमनं पट्ट्यांकडे पाहिलं. अंगणातल्या हळदीचा उजेड पडून सायीचा रंग पिवळाधमक झाला होता. बदामी मात्र शांत, उबदार दिसत होता. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"इथं हा. आतल्या खोलीला सायीचा. तिथं हळदीचा उजेड येणार न्हाई."

"आतली खोली तुमी कधी पाह्यली?"

"न्हाई पाह्यली," पुनम म्हणाली. "पण राहायचं मला हाय... दाखवा की."