देवरहाटीतली चिकट पाकळी

रहाटी तोडायच्या व्यवहारात रावजीला एक अख्खा मचवा मिळायचा होता. देवरहाटीतलं ऐन-किंजळीचं लाकूड, दाभोळचे सुतार, आणि पावसाळा सरला की मुंबईच्या वाटेला लागणारं स्वतःचं शीड. देवाच्या नावाने राखलेल्या त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड शिरली नव्हती. झाडं अशी माजली होती, की त्यांच्याकडे बघताना रावजीला पानं दिसतच नसत, फळ्या दिसत.

चिमाच्या घरचा हिशेब उलटा होता. रहाटीच्या पोटातून निघणारा झरा आटला, की खालचं सुपारीचं आगर वाळणार. बाबा मुंबईला गिरणीत. आगर आईच्या जिवावर. ते गेलं तर आपणही गाव सोडून मुंबईच्या खोलीत जायचं, असं आई भाजी चिरता चिरता बोलून गेली होती. त्या दिवसापासून चिमाला जेवण गोड लागत नव्हतं.

गावकी बसली तेव्हा वरची वाडी म्हणाली तोडू, खालची म्हणाली नको. ज्या घरचे पुरुष मुंबईला, त्या घरांना कुणी विचारलंच नाही. तंटा वाढला तसा रावजी म्हणाला, भांडता कशाला, देवाचा कौल घेऊ. धोंडू गुरवाने पाषाणाला तगरीच्या दोन ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर तोड, डावी पडली तर राख. उजवी पडली. सगळ्यांनी हात जोडले. रावजीने जरा जास्तच वेळ जोडले.

दुसऱ्या दिवशी चिमा, सुट्टीला मुंबईहून आलेला तिचा मामेभाऊ बाळा आणि गुरवाचा सदू रहाटीत करवंदं काढायला गेले. मुंबईचे डास किती सभ्य असतात, हे बाळा सांगत होता. देवळाच्या पायरीशी चिमा थबकली. डावी पाकळी अजून तिथेच होती. राहिलेली पाकळी कुणी काढायची नाही, आपसूक गळू द्यायची, अशी रीत. पण पाणी सुकलं की ती गळायलाच हवी होती.

बाळाने बोट लावलं. पाकळीबरोबर पांढुरकी तार लांबत आली.

"शी! हे काय गो?"

"फणसाचा चीक. तुम्हां मुंबईकरांना फणस गरे होऊनच भेटतो म्हणा," चिमा म्हणाली.

बाळा हसला. सदू हसला नाही.

कुणी लावला, हे चिमाला विचारायची गरज वाटली नाही. पण रावजीचं नाव घेतलं तर तो म्हणणार, पोरांनीच लावला. मग तिला एक युक्ती सुचली. तिने पाकळी होती तशी दाबून बसवली आणि आपला बेत दोघांना सांगितला. सदू बराच वेळ करवंदीचा काटा मोडत बसला. शेवटी म्हणाला, "कर."

गावातले सगळ्यात जुने शेतकरी म्हणजे आप्पा. त्यांनी चिमाचं सगळं ऐकून घेतलं, सुपारी गालात सरकवली आणि संध्याकाळी बायकांसकट सगळा गाव देवळात बोलावला.

"रावजी, कुऱ्हाड घालण्याआधी ती पाकळी तुझ्या हाताने सोडव आणि प्रसाद म्हणून घे," ते म्हणाले.

रावजी मागे सरला. देवाला हात लावायचा मान गुरवाचा, म्हणाला, आणि त्याने धोंडूला पुढे केलं.

धोंडू पाषाणापाशी गेला, हात उचलला, आणि पाकळीला शिवण्याआधी त्याची बोटं समईतल्या तेलात बुडाली. चीक चिकटू नये म्हणून फणस फोडण्याआधी साऱ्या कोकणाची बुडतात तशी.

तिथल्या प्रत्येक बाईने फणस फोडलेला होता.

"धोंडूदा," चिमाची आई म्हणाली, "फुलाला तेल कशाला?"

धोंडूने सगळं सांगून टाकलं. रावजीने चीक पाठवला होता, आणि सदूला मचव्यावर घेईन, मोठेपणी मचवा हाकणारा तांडेल करीन, असा शब्द दिला होता. रावजीने कानांवर हात ठेवले, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. चिमा सदूकडे बघत होती. तिने जाळं एकासाठी लावलं होतं आणि सापडला होता दुसराच.

दुसरा कौल आप्पांनी घेऊ दिला नाही. देवाला विचारून झालं, म्हणाले, आता रहाटीवर ज्यांचं पोट आहे त्यांना विचारू. मग घरोघरच्या पुरुषांना आणि बायकांनाही त्यांनी विचारलं, की रहाटीतून तुला काय हवं आणि तू काय सोडशील. कुणाला गुरांना सावली हवी होती, कुणाला हिरडे, कुणाला शेताच्या भाजावळीला पाला. शेवटी रावजीचीच जमीन कसणारी सोनूबाई उठली.

"तुमच्या उन्हाळी भाताला पाणी कुठचं येतं, रावजीनू?"

त्याच झऱ्याचं. फळ्या मोजताना रावजीने ते धरलंच नव्हतं.

ठरलं असं, की जिवंत झाडाला कुऱ्हाड नाही, पडलेलं लाकूड सगळ्यांचं, आणि रहाटीभोवती कुंपणाला चिऱ्यांचा गडगा रावजीने घालायचा. आप्पांनी चिमाच्या डोक्यावर हात ठेवला. "आम्ही म्हातारे देवाच्या आड लपलो. पोरगी नाय लपली." बाळा तर युक्ती आपलीच असल्यासारखा गावभर सांगत सुटला.

सदू झऱ्यापाशी एकटा बसला होता. धोंडूकडून पूजा काढून घेतली होती.

"तुझ्या बाबांचं तुला ठाऊक होतं?" चिमाने विचारलं.

"धोतरावर चिकाचे डाग होते."

"मग कर का म्हणालास?"

"आमच्या परसातल्या विहिरीलाही हेच पाणी," सदू म्हणाला.

रावजीचा मचवा गेला, धोंडूचा मान गेला. आगर राहिलं, झरा राहिला. आणि ज्याच्याकडून कुणाचं काहीच येणं नव्हतं, त्या सदूने सगळ्यांत जास्त भरलं.