हाताला येणारे मासे

पहिल्याच दिवशी धक्क्यावर तिचा पाय घसरला आणि ती थेट त्याच्या होडीत पडली. "मासेसुद्धा इतक्या घाईनं येत नाहीत, मॅडम," तो होडीवाला म्हणाला. किडेवालीला – माशांतले किडे तपासायला आली म्हणून तळ्यावर पुढे तिचं हेच नाव पडलं – रागाच्या आधी हसूच आलं.

तेव्हापासून तीन महिने तो रोज उजाडताच तिच्या प्रयोगशाळेच्या दारात माशांची बादली आणून ठेवी. ती डोकी उघडून मेंदूवरचे किडे मोजी. एकही मासा निरोगी निघेना. शेवटी अहवाल झाला: अख्खं तळं आजारी, मासेमारी बंद करावी. उद्या तो पाठवायचा आणि आपणही निघायचं. तिच्याच सहीनं त्याची होडी कायमची काठावर ओढली जाणार होती, आणि हे त्याला सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

सांगायचंच, म्हणून शेवटच्या सकाळी ती त्याच्याबरोबर निघाली. धुकं होतं... पाणी अगदी गप्प. त्यानं जाळं काढलंच नाही, नुसता हात पाण्यात सोडला. आणि मासे आले. कुशीवर वळत, पांढरी पोटं चमकवत, एकेक मासा त्याच्या तळव्यात येऊन थांबला.

तिच्या अंगावर काटा आला. डोक्यातला किडा त्यांना वर आणत होता. बगळ्याच्या पोटात पोचल्याशिवाय त्याला अंडी घालता येत नाहीत. काठावर बगळे मान न हलवता उभे होते.

"रोज असेच धरता?" तिनं विचारलं. "जाळ्यानं, खोल पाण्यातले... कधीच नाही?"

तो वल्ह्याकडे बघत राहिला. "जाळं टाकलं की दुपार होते. दुपारी तुम्ही दार लावून बसता. सकाळी... चहा विचारता."

म्हणजे त्यानं नकळत वेचून आजारीच मासे आणले होते, आणि ते जाळ्यातले असं ती धरून चालली होती! तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, तरी तिला इतका आनंद कधीच झाला नव्हता. तिनं त्याला सगळं सांगितलं. अहवाल फाडायचा, पुन्हा मोजायचं, या खेपेला जाळं टाकून.

"दुपार होईल," तो हळूच म्हणाला.

"होऊ दे. दार उघडं असेल."

होडी धक्क्याला लागली. आधी उतरून त्यानं हात पुढे केला – तळवा तसाच, मघाशी पाण्यात होता तसा. क्षणभर ती शहारली. तीन महिने उजाडायच्या आत आपल्याला कोण उठवत होतं, हे तिनं मनाशी नीट तपासून पाहिलं. मग हात त्याच्या हातात दिला.

"मला कुणी आणलेलं नाही," ती म्हणाली. "माझी मी येतेय."