बारा जाळ्या आणि लाल सुया

"पुन्हा चार जाळ्या रिकाम्या!" दादाने तराजू खाली ठेवला.

चिमणीने मावशीकडे पाहिलं. पाइनच्या झाडांवरून गळणारी सुईसारखी पानं, म्हणजे सुया, बारा जाळ्यांत झेलायच्या, वाळवून तोलायच्या, हे मावशीचं सहा वर्षांचं काम. सुया कुजल्या की त्यांतला कार्बन नि झाडांचं खाणं मातीत परत जातं. किती जातं, ते या वजनांवरून कळायचं. आणि आता तीन आठवडे वाटेकडच्या चार जाळ्यांत जेमतेम मूठभर सुया! सोमवारी काम तपासायला मोठे साहेब येणार होते. असले आकडे बघून ते काम गुंडाळायला लावतील, या धास्तीने मावशीला जेवण गोड लागत नव्हतं.

"झाडं आजारी असतील," दादा म्हणाला.

"फक्त वाटेकडचीच? आजार काय फिरायला आला होता?" चिमणी म्हणाली.

सुया कोणी नेतंय का ते बघायला तिने संध्याकाळी शंभर सुया लाल रंगवल्या आणि त्या चार जाळ्यांत टाकल्या. सकाळी जाळ्या लख्ख! भावंडांनी सगळं जंगल पालथं घातलं. अखेर विश्रामगृहामागच्या गुलाबांशी दादा थबकला. रोपांभोवती सुयांचा जाड थर होता, आणि त्यात लाल सुया.

"काका, या कुठून आणल्या?" चिमणीने झाडू घेऊन आलेल्या रखवालदारकाकांना विचारलं.

"जाळ्यांतून. साहेब येणार, आणि वाटेवरून दिसणाऱ्या जाळ्यांत हा कचरा? तुमची मावशी एकटी कुठे कुठे पुरणार? म्हणून रोज पहाटे मीच साफ करतो," काका छाती फुगवून म्हणाले. "तिला बोललो नाही. उपकार कशाला दाखवायचे?"

खरं कळल्यावर काकांचा चेहरा पार उतरला. मावशी आधी भडकली, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिने त्या चार जाळ्यांची तीन आठवड्यांची वजनं वगळली आणि कारण सविस्तर लिहिलं.

सोमवारी साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"बाकीच्या आठ जाळ्यांचे आकडे चोख आहेत. काम चालू ठेवा," ते म्हणाले. "पण हा छडा लावला कोणी? आकडा पटला नाही, तर झाडाला दोष देण्याआधी स्वतः जाऊन बघायचं, हे मोठ्यांनाही सुचत नाही."

दादाने चिमणीला पुढे ढकललं. मावशीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझी भाची आहे," ती म्हणाली, तेही अंगणात थांबलेल्या साहेबांच्या ड्रायव्हरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.