गॅलरीत जाऊन तीनदा

एप्रिलचं ऊन असं तापलेलं, की शनवाऱ्याच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा सावलीवरून भांडत होती. आणि त्या उन्हात मनीषा तोंडाला ओढणी गुंडाळून, भिंतीला चिकटून, चोरासारखी चालली होती. चोरी काय केली होती? काहीच नाही हो बिचारीनं. तिच्या वर्गातल्या एका पोराची आई समोरून येत होती, एवढंच.

आता पोराच्या आईला काय घाबरायचं? तर ऐका. मनीषा सिंधीपुऱ्यातल्या एका मराठी शाळेत सायन्स शिकवायची. झकास शिकवायची. पण शाळेच्या कमिटीला वाटलं, जमाना बदलला, आपणही बदलू— या सालापासून शाळा इंग्लिश मीडियम! प्रत्येक मास्तरनं, मॅडमनं कमिटीसमोर एक तास इंग्लिशमधून घेऊन दाखवायचा. जमलं तर नोकरी, नाही जमलं तर नमस्कार. आणि नोकरी गेली, की जळगावचं स्थळ तयारच होतं. मनीषाचे पप्पा, कापडवाले मधुकरशेठ, यांचा हिशोब सरळ, "नोकरी आहे तोवर तुझी मर्जी. नोकरी गेली की माझी."

मनीषाला शब्द येत होते सगळे. सॉलिड, लिक्विड, गॅस— पुस्तकात वाचले की ओळखीचे. पण मोठ्यानं म्हणायची वेळ आली, की गळ्याला कुलूप! एकदा मीटिंगमध्ये कमिटीवाल्यानं सहज विचारलं, "मॅडम, जरा कंडेन्सेशन समजवा ना इंग्लिशमे." ती उभी राहिली, तोंड उघडलं... आणि हवा निघाली नुसती. सगळे हसले. तेव्हापासून रात्री स्वप्नातही कोणी 'मॅडम' म्हटलं की ती दचकून उठायची.

म्हणून ती इंग्लिशच्या एका क्लासचा पत्ता शोधत आली होती. घरी सांगितलं होतं— मैत्रिणीकडे, सविताकडे मेंदी शिकायला जाते. सायन्सची मॅडम 'सॉलिड-लिक्विड' बोलायला क्लास लावते, हे त्या पोराच्या आईला कळलं असतं, तर दिवेलागणीच्या आत ताप्ती नदीच्या पलीकडेही कळलं असतं.

ती आई जवळ आली. मनीषा पटकन निंबा हलवायाच्या जिलेबीच्या दुकानाशेजारच्या जिन्यात घुसली. जिना अंधारा, अरुंद. आणि तिथं... आधीच कोणीतरी उभं होतं.

"श्शू! हलू नका."

मनीषा भिंतीला चिकटली. "क— कोण आहे?"

"गेलं का ते?"

"कोण?"

"कुत्रं. तांबडं. एक कान तुटलेलं."

तिनं हळूच बाहेर डोकावलं. निंबाच्या कढईशेजारी एक तांबडं कुत्रं चारही पाय ताणून घोरत होतं.

"झोपलंय."

"नाटक करू राहिलं ते. मी ओळखतो त्याला."

मनीषाला हसू आलं. भीतीत आलेलं हसू थांबत नाही, तसं आलं. अंधारात तो पोरगाही हसला. उंच, चष्मा, घामानं भिजलेला शर्ट, आणि शर्टाला मधल्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन.

"आणि तुम्ही कोणाला घाबरून आल्या?"

"पालकांना."

"चावतात?"

"कुत्र्यापेक्षा जास्त."

"मग बरोबर जिन्यात आल्या," तो म्हणाला. "वर माझाच क्लास आहे. हर्षल सर म्हणतात मला. इंग्लिश बोलायची भीती घालवून मिळते."

"आणि कुत्र्याची?"

"ती..." त्यानं चष्मा पुसला. "ती बॅच अजून सुरू नाही झाली."

हर्षल वाढला नेपानगरला, कागद मिलच्या कॉलनीत. बाप रामदास, चोपडा गावाहून मिलमध्ये कामाला आलेला. पोरगा इंग्लिश शिकला आणि इथं शनवाऱ्यात एक खोली घेऊन बसला. त्याच्या क्लासला वही नाही, फळा नाही. नियम मात्र एक होता, आणि तो फार वाईट होता. जो तोंडातल्या तोंडात बोलेल, त्यानं गॅलरीत जायचं आणि तो शब्द रस्त्याकडे तोंड करून तीनदा ओरडायचा.

पहिल्याच दिवशी मनीषा सापडली.

"हां, मॅडम. पाणी उन्हात उडून जातं, त्याला काय म्हणायचं?"

"इ... इव्हॅ..." पुढचं ओढणीतच राहिलं.

"गॅलरी," हर्षल म्हणाला. गोड आवाजात म्हणाला, म्हणून जास्त राग आला.

"जा वं माय, जा," क्लासमधले कडूकाका म्हणाले. काका केळीचे व्यापारी, साठीचे, मिशीवाले. नातवानं सायन्सचं इंग्लिश पुस्तक पुढं केलं की ते घर सोडून पळायचे, म्हणून क्लासला आलेले. "मी काल 'बोन' ओरडलो तर खाली एका बाईनं मटणाचा भाव विचारला. काही होत नाही."

मनीषा गॅलरीत आली. खाली रिक्षा, हातगाड्या, केळीच्या पानांचे भारे, निंबाच्या कढईतून उठणारी वाफ, माव्याच्या जिलेबीचा गोड वास. आपला आवाज कोणी ओळखला तर? पप्पांचं दुकान तर पुढच्या चौकात...

"सर, नाही होत."

"मी पण घाबरतो ना कुत्र्याला," तो हळूच मागून म्हणाला. "रोज त्याच्या समोरूनच वर येतो."

"काल तर जिन्यात लपले होते."

"पण आलो ना वर?"

तिनं डोळे मिटले. "इव्हॅपोरेशन!"

खालून लगेच निंबाचा खणखणीत आवाज आला, "इव्हॅपोरेशन! अजून दोनदा, मॅडम!"

तो निंबाचा नेमच होता. वरून शब्द आला की तो खालून परत फेकायचा, झारा उंच करून. दोन-तीन महिन्यांत अख्ख्या गल्लीला 'ग्रॅव्हिटी' नि 'मॉइश्चर' पाठ झालेले. भाजीवाली आशाबाई तर कांदा सांडला की म्हणायची, "गेली मेली ग्रॅव्हिटी!"

तीनदा ओरडून मनीषा आत आली तेव्हा घामाघूम झाली होती. हर्षलनं स्वतःचा रुमाल पुढं केला. तिनं घेतला. परत द्यायला विसरली... की नाही विसरली, देव जाणे.

मग रोजचंच झालं. तो शब्द देणार, ती वस्तू आणणार. कारण गंमत अशी, की साहेबांना शब्द येत होते, पण शब्दामागचं काहीच येत नव्हतं!

"कंडक्टर म्हणजे काय, सांगा बरं," एक दिवस तिनं उलटी परीक्षा घेतली.

"बसमधला."

"सर!"

"मग तुम्ही सांगा ना. मला तर तुम्ही सांगितलेलंच समजतं."

असं म्हणून बघायचा. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. कडूकाका मोठ्यानं खाकरायचे, "क्लास चालू आहे का बंद?"

एकदा तिनं मॅग्नेट आणला. फ्रीजला चिकटवतात तसला नाही, चांगला जाडजूड, घोड्याच्या नालेसारखा. "बघा, लोखंडाला कसा ओढतो..." म्हणत तिनं तो सहज पुढं केला. आणि हर्षलच्या शर्टाची सेफ्टी पिन टुणकन मॅग्नेटला चिकटली! पिनेमागे शर्ट, शर्टामागे सर. दोघांच्या मध्ये वीतभर जागा राहिली. तिच्या कपाळावरची बट त्याच्या चष्म्याला लागली.

"आता... सोडवायचं कसं?" तो कुजबुजला.

"ओढायचं मागं."

"कोणी?"

कोणीच ओढलं नाही. शेवटी कडूकाकांनीच येऊन मॅग्नेट काढून घेतला. "पोरांनो, हे खेळणं माझ्या नातवाला दाखवतो," म्हणाले, आणि मिशीत हसले.

त्या रात्री मनीषाला झोप नाही. एक भीती होती, आता दोन झाल्या. तास फसला तर नोकरी जाणार, हे तर होतंच. पण नोकरी गेली की जळगाव... आणि जळगावला हा जिना नाही, ही गॅलरी नाही, तो चष्मा नाही.

तासाच्या आदल्या दिवशी क्लास सुटल्यावर हर्षल जिन्यापर्यंत सोडायला आला. कुत्रं बाहेर बसलेलं होतं, तरी आला.

"मनीषा मॅडम, उद्या... म्हणजे उद्या काहीही झालं ना, तरी... मी... तुम्ही..."

"काय?"

"बेस्ट ऑफ लक," तो म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या चढत पळाला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात कमिटीची चार माणसं मागच्या बाकावर बसली. पुढं सहावीची पोरं. टेबलावर बर्फाच्या पाण्याचा ग्लास, आणि खिडकीच्या गजाला एक ओला रुमाल वाळत घातलेला. कोणाचा रुमाल, ते सांगायला नको.

"स्टार्ट, मॅडम," कमिटीवाले म्हणाले.

मनीषा उभी राहिली. तोंड उघडलं. कुलूप!

पंखा किर्र किर्र फिरत होता. एक पोरगं शिंकलं. कमिटीतल्या एकानं दुसऱ्याकडे बघून भुवई उडवली— तोच तो, मीटिंगमध्ये 'कंडेन्सेशन' विचारणारा. तिला समोर जळगावचं स्टेशन दिसायला लागलं. घाम मानेवरून पाठीत उतरला. संपलं, तिला वाटलं, सगळं संपलं...

आणि तिची नजर रुमालावर गेली. मघाशी टपटप गळत होता, आता अर्धा वाळलेला.

ती सरळ खिडकीशी गेली. गज धरले. गल्लीकडे तोंड केलं आणि ओरडली, "इव्हॅपोरेशन!"

कमिटीचे चारही जण बाकावरून उडाले.

मनीषाच्या छातीत धडधड... आणि मग खालून, केळीच्या टेम्पोमागून, ओळखीचा मिशीवाला आवाज आला, "इव्हॅपोरेशन! अजून दोनदा, माय!"

कडूकाका! आणि त्यांच्या शेजारी, तोंडावर पेपर धरून, पेपर उलटा धरून, हर्षल.

पोरांना वाटलं खेळ आहे. दुसऱ्यांदा अख्खा वर्ग ओरडला. तिसऱ्यांदा शिपाईसुद्धा. आणि मनीषाच्या गळ्याचं कुलूप गेलं कुठल्या कुठं! मग ती बोलली. रुमाल दाखवला, ग्लासावर बाहेरून जमलेले थेंब पोरांच्या बोटांनी पुसायला लावले, कंडेन्सेशन समजावलं. मोडकं-तोडकं बोलली, मध्ये एकदोनदा "बरं का रे" म्हणाली, पण पोरं अशी बोलायला लागली, की घंटा झाली तरी उठेनात.

कमिटीवाल्यांनी आपसांत डोकी लावली. भुवईवाला म्हणाला, "इंग्लिश अजून पक्की करावी लागेल, मॅडम. पण बच्चे बोल रहे है. नोकरी पक्की."

फोन करून मनीषानं पप्पांना एवढंच सांगितलं, "पास झाले." आणि धावत सुटली ती शनवाऱ्यातच.

जिना चढून वर आली तर खोलीत हर्षल एकटा. कडूकाका "केळी उतरवायची आहेत" म्हणून मुद्दाम सटकलेले.

"झालं!" ती म्हणाली. दम लागलेला, केस सुटलेले.

"ऐकलं मी. म्हणजे... पेपर वाचत होतो तिथं."

"उलटा?"

तो लाल झाला. मग चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "आता तुम्हाला क्लासची गरज नाही. उद्यापासून तुम्ही येणार नाही. म्हणून आजच... मला ना... तुम्ही... खूप... म्हणजे मी तुमच्या..."

पुढचं सगळं शर्टाच्या कॉलरमध्ये गेलं.

मनीषाच्या छातीत पुन्हा तीच धडधड. पण आता तिला धडधडीचा अनुभव होता! तिनं हाताची घडी घातली.

"सर. तोंडातल्या तोंडात बोलले तुम्ही."

"अं?"

"नियम काय आहे?"

त्याचा चेहरा पांढरा फटक. "नको ना, मनीषा. खाली सगळा शनवारा आहे."

"गॅलरी," ती म्हणाली. अगदी गोड आवाजात.

हर्षल गॅलरीत गेला. कठडा घट्ट धरला. खाली बघितलं... आणि जीव गेला त्याचा! कढईशेजारी तांबडं कुत्रं जागं होऊन बसलेलं. आणि कुत्र्याशेजारी, जिलेबी बांधून घेत, कापडवाले मधुकरशेठ.

मनीषानंही बघितलं. "पप्पा!" ती आतल्या आत किंचाळली. "सर, राहू द्या... आत या..."

पण रोज तांबड्या कुत्र्यासमोरून वर येणारा माणूस तो. डोळे मिटले त्यानं. "आय लव्ह मनीषा," कसंबसं म्हणाला.

"मोठ्यानं, सर!" खालून निंबा.

"आय लव्ह मनीषा!"

रस्ता थांबला. आशाबाईच्या हातातून कांदा सुटला. निंबानं सवयीनं झारा उंच केला, तोंड उघडलं, आणि परत मिटलं. "हा शब्द मी नाही फेकणार, सर. बायको आतच बसलीये."

मधुकरशेठनी हळूच मान वर केली. गॅलरीत हर्षल, त्याच्यामागे दाराआडून दिसणारी मनीषाची ओढणी.

"काय म्हणू राहिला रे हा?" शेठनी निंबाला विचारलं.

"सायन्सचा काहीतरी शब्द असंल, शेठ," निंबा जिलेबीकडे बघत म्हणाला.

"हं," शेठ म्हणाले. "रोज याच वेळेला उभा असतो मी इथं. पोरीचा आवाज ऐकत. मेंदी शिकायला जाते म्हणे! घरात कधी एवढ्या मोठ्यानं बोलली नाही ती. इथंच ऐकला मी तिचा आवाज."

मनीषा दाराआडून बाहेर आली. डोळे भरलेले, तोंडावर हात.

शेठनी जिलेबीचा पुडा काखेत मारला. "निंबा, नियम काय आहे यांचा?"

"तीनदा, शेठ."

"झाले किती?"

"दोन."

शेठनी कमरेवर हात ठेवून वर बघितलं. "मग? उरलेला कोण, मी म्हणू?"

हर्षलनं कठडा अजूनच घट्ट धरला. तांबडं कुत्रं भुंकायला लागलं. तेव्हा मनीषा पुढं झाली, त्याच्या शेजारी कठड्याला टेकली, आणि तिसऱ्यांदा ओरडली. नाव मात्र बदलून.

आणि या वेळी निंबानं, बायको आत असूनसुद्धा, झारा उंच केलाच.