दाराआडचं कॉर्नेट

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला लवू आणि शशिकांत टेपरेकॉर्डर दोन बाजूंनी धरून लालबागच्या एका बोळात शिरले. यंत्र भलतंच जड होतं. दहा पावलं गेली की खाली ठेवायचं, हात झटकायचे, पुन्हा उचलायचं, असं करत करत बँडची खोली आली.

लवू लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे फुंकून वाजवायचं आखूड पितळी वाद्य, वाजवायचा. गिरणीतलं बदली कामगाराचं काम सुटल्यापासून तेवढाच आधार उरला होता, आणि तोही लग्नसराईपुरता. बिहारातल्या एका पोलादाच्या कारखान्याला स्वतःच्या बँडसाठी कॉर्नेटवाला हवा होता. कायमची नोकरी, वर राहायला क्वार्टर. लवूच्या बायकोला, मालनला, सातवा महिना होता. तिथल्या बँडमास्तरने लिहिलं होतं, येऊन वाजवून दाखवा, नाहीतर ध्वनिमुद्रण पाठवा. एवढ्या लांबचं भाडं लवूला झेपणारं नव्हतं, आणि स्टुडिओचं तर नाव काढायची सोय नव्हती.

शशिकांत गिरगावातला, फोर्टच्या एका कचेरीत कारकून. एका लग्नात लवूचं वाजवणं ऐकून तो वेडावला होता. साहेबाची पत्रं बोलून ठेवायचं यंत्र त्याने संध्याकाळपुरतं मागून आणलं होतं. फीत मात्र एकच. बिघडलं तर त्याच फितीवर, आधीचं पुसून, पुन्हा वाजवायचं.

दिवसही बघूनच ठरवला होता. शिवाजी पार्कवर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. जेवणं उरकून चाळीच्या चाळी तिकडे चालत गेल्या होत्या. एरवी ज्या बोळात स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही, तिथे आता नळाची टिपटिपसुद्धा कानाला लागत होती.

खोलीला एकच दार, खिडकी नाही. भिंतीवर ढोल टांगलेले, खुंट्यांवर जरीच्या लाल कोटांची रांग, आणि सगळीकडे पितळ घासायच्या पावडरीचा आंबूस वास. लवूने कडी लावली. शशिकांतने माइक एका स्टुलावर ठेवला आणि बोट वर केलं.

लवूने यमनची धून वाजवली. वाजवणं मनासारखं झालं. शशिकांतने फीत मागे फिरवून लावली आणि दोघं ऐकत बसले. पहिली ओळ संपली. लवूने श्वास घेतला होता त्या जागी फितीवर तीन थापा पडल्या. लाकडावर पडाव्यात तशा.

कोणी दार वाजवलं का, असं शशिकांतने विचारलं. लवू म्हणाला, वाजवताना आपल्याला तर काही ऐकू आलं नाही. शशिकांतलाही आलं नव्हतं. तरी लवूने दार उघडून पाहिलं. बोळ ओस होता. शेजारच्या भिंतीवर कोणी खिळा ठोकत असेल, असं म्हणून शशिकांतने दाराला आतून एक जाड गोधडी टांगली आणि फीत पुन्हा सुरू केली.

दुसऱ्या वेळचं वाजवणं लावून ऐकलं, तर थापा जास्त जवळून आल्या. कॉर्नेट वाजत असताना नाही, लवू थांबेल तेवढ्याच फटीत. जणू बाहेरचा माणूस त्याचा श्वास ओळखून होता. शेवटच्या सुरानंतर फीत नुसती खरखरत राहिली, आणि त्या खरखरीतून अगदी हळू, दमलेला आवाज आला.

"लवू… दार उघड… माका लागला रे…"

शशिकांतने झटकन यंत्र बंद केलं. लवू खाली बसला होता.

"लवूमास्तर, कोण आहे हा?" शशिकांतने विचारलं.

लवूने सांगितलं. बँडमध्ये आणखी एक कॉर्नेटवाला होता, धोंडू, त्याच्याच गावचा. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला, त्या दिवशी लवू या खोलीत कडी लावून एकटाच बसला होता. बाहेर पळापळ, शिट्ट्या, बुटांचे आवाज. तेवढ्यात दारावर थापा पडल्या आणि धोंडूने हाक मारली.

"माझा हात कडीवर होता, शशिकांतराव," लवू म्हणाला. "उघडलं नाही मी. बूट अगदी जवळ आले होते… थापा थांबेपर्यंत मी हात तसाच धरून उभा राहिलो."

संध्याकाळी धोंडू बोळाच्या तोंडाशी गोळी लागून मेलेला सापडला होता. त्या दिवशी आपण घरीच होतो, असं लवूने सगळ्यांना सांगितलं. मालनलाही.

यंत्र उचलावं आणि निघावं, असं शशिकांतच्या मनात आलं. पण अशी संधी पुन्हा आली नसती, आणि सात वाजता यंत्र कचेरीच्या रखवालदाराच्या ताब्यात द्यायचं होतं. लवू स्वतःच उठला. त्याने गोधडी काढली, कडी काढली, दार सताड उघडलं. बाहेर उन्हं उतरली होती. बोळात माणूस नव्हता.

"ये, धोंडू," तो म्हणाला.

काही झालं नाही. वाराही आला नाही. क्षणभर थांबून लवूने दार लावलं आणि तिसऱ्यांदा वाजवायला उभा राहिला. असं वाजवणं शशिकांतने त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. सूर घासलेल्या पितळेसारखा स्वच्छ निघत होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच लवूची छाती मोकळी झाली होती. फीत ऐकून बघायला वेळ उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी शशिकांतने ती तशीच पार्सलने पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी इंग्रजीतून उत्तर आलं. ते घेऊन शशिकांत लवूच्या खोलीवर आला, पण आत न येता गॅलरीतच उभा राहिला. पत्र त्याने दोनदा वाचलं आणि मग खालच्या आवाजात अर्थ सांगितला. वादकाचा हात चांगला आहे. पण पहिल्या ओळीनंतर तो खोलीबाहेर का गेला? पुढचं सगळं कॉर्नेट बंद दाराआडून वाजल्यासारखं येतं. आत, माइकपाशी, भलताच कोणी धापा टाकत बसलेला ऐकू येतो. अशा ध्वनिमुद्रणावरून निवड करता येत नाही.

शशिकांत गेल्यावर लवू आत आला. मालन चुलीपुढे तांदूळ निवडत बसली होती. त्याने दाराला कडी लावली, पेटीतून कॉर्नेट काढलं आणि तिच्यापासून चार हातांवर उभं राहून तीच धून सुरू केली.

पहिली ओळ होईपर्यंत मालन त्याच्याकडे बघून हसत होती. दुसऱ्या ओळीला तिने सूप खाली ठेवलं. कमरेवर हात देऊन ती उठली, वाजवणाऱ्या लवूच्या अंगावरून पुढे गेली, आणि कडी काढून तिने दार उघडलं. गॅलरीत दोन्ही बाजूंना वाकून पाहिलं.

"भायर कोणतरी वाजयता…" ती स्वतःशीच म्हणाली.

मग ती आत आली, आणि लवू ओठांवर कॉर्नेट धरून तिच्या मागेच उभा असताना तिने दार लोटून कडी घातली.