चित्रात वैदेही कुठं आहे?

नवी पेठेतल्या उन्हाला कंटाळून वैदेही एका कापडदुकानाच्या जिन्यात शिरली. वर व्यंगचित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. ठसे कोरून काळ्या शाईत छापलेली चित्रं. एकात लग्नाला आलेला माणूस नवऱ्यामुलाच्या हातात पाकीट देत होता, नजर मात्र जेवणाच्या रांगेवर. दुसऱ्यात सोफा होता. सोफ्यावर चादर, चादरीवर जुनी साडी, साडीवर प्लास्टिक... आणि सगळं घर समोर सतरंजीवर बसून त्याची राखण करत होतं.

ती खुदकन हसली. मग हसू अर्ध्यावरच थांबलं.

"हे आमचे बाबा आहेत!"

"सगळे तसंच म्हणतात," मागून चित्रकार सुबोध हळूच म्हणाला.

"सगळ्यांचे बाबा बनियनला पेन लावतात?" ती वळली. "अय्या — तुम्ही! अजिंक्यबरोबर मला बघायला आला होता की!"

सुबोधचे कान लाल झाले. "भावाला... सोबत म्हणून."

"भावानं नकार कळवला आणि तुम्ही आमचा सोफा घेऊन गेलात! बाबांनी घाईघाईनं प्लास्टिक काढलं होतं, ते बघितलंत वाटतं?"

"निम्मंच निघालं होतं."

तिला हसू येत होतं आणि रडूही. "त्यांना कुणी हे दाखवलं तर? लोक हसतील त्यांना."

सुबोधनं चित्र भिंतीवरून उतरवलं. "मीच दाखवतो. वाईट वाटलं तर ठसा फोडून टाकीन."

"कधी?"

"आत्ताच. संध्याकाळपर्यंत धीर टिकायचा नाही."

घरी बाबांनी, यज्ञेश्वररावांनी, चित्र हातात घेतलं. चष्मा वर केला, खाली केला. वैदेही दारात ओढणीचं टोक पिळत उभी होती.

"चूक आहे," ते म्हणाले.

"हो... माफ करा—"

"टीव्ही उजवीकडं आहे आमचा."

"ठसा उलटा कोरावा लागतो. विसरलो."

"पोट मात्र बरोबर आलंय हो तुमचं!" आई खांद्यावरून डोकावत म्हणाली. यज्ञेश्वरराव हसायला लागले, ते खरोखरचं पोट हलेपर्यंत. मग एकदम थांबले.

"पण काय हो, ही पोह्यांची बशी नुसती हवेत? धरणारी वैदेही कुठं आहे?"

सुबोधनं खाली बघितलं. "कोरायला घेतलं होतं. नाक मोठं करायचं, डोळे तिरके करायचे... हात धजला नाही. आणि तेव्हापासून दुसरं काही धड सुचत नाही."

आईनं उगाच पदर सारखा केला.

"तुमच्या भावाची पत्रिका जुळली नव्हती," यज्ञेश्वरराव सावकाश म्हणाले. "तुमची कुठं आहे?"

"बाबा!"

"आणतो की!" सुबोध उठलासुद्धा.

"पत्रिका राहू द्या," वैदेही म्हणाली — आधी फरशीकडं बघत, मग सरळ त्याच्याकडं. "रविवारी पेन्सिल घेऊन या. मी अजिबात हलणार नाही... आणि नाक आहे तेवढंच काढा. काय?"